६८ अंशांचा संसार

महाराष्ट्रातील सामान्य घराला हिवाळ्यात ऊब पुरविणारी स्वतंत्र यंत्रणा नसते, आणि ती नसल्याची खंतही कोणी करीत नाही. निफाडच्या शिवारात पारा शून्याच्या आसपास उतरला म्हणजे द्राक्षबागायतदार घडांच्या काळजीने बागेत शेकोट्या पेटवितात. घरातली माणसे मात्र गोधडी, कानटोपी आणि आल्याचा चहा एवढ्या सामग्रीवर ती रात्र निभावून नेतात. अशा मुलखातून निघून जी वडीलधारी मंडळी डिसेंबर-जानेवारीत न्यू जर्सी, शिकागो किंवा मिनियापोलिस येथे मुलाकडे अथवा मुलीकडे राहावयास जातात, त्यांना तेथील घराच्या भिंतीवर थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी चकती दिसते, आणि तिच्यावरील एका आकड्यावरून त्या घरात दररोज केवढी खलबते चालतात हे पाहून त्यांना प्रथम नवल वाटते आणि मग थंडी वाजू लागते. मुलगा म्हणतो, ‘बाबा, ६८ पुष्कळ झाले’. सुनेला ७० हवे असते. नातवंडे अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात हुंदडत असतात. आणि आजी अंगावर शाल ओढून, कोणाचे लक्ष नाही असे पाहून, तो आकडा हळूच ७४ वर नेऊन ठेवते.

हे अंश अर्थात फॅरनहाइटचे. ६८ म्हणजे आपल्या परिचयाचे २० अंश सेल्सियस, आणि ७४ म्हणजे २३ च्या थोडे वर. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी घरात याहून अधिक उष्णता असते, ती फुकट असते, आणि तिच्यासंबंधी कोणाला कोणाची संमती घ्यावी लागत नाही. अमेरिकेत तीच उष्णता नैसर्गिक वायू, तेल अथवा वीज जाळून निर्माण करावी लागते व तिचा हिशेब दरमहा छापील बिलाच्या रूपाने दारात येतो. तेव्हा तो आकडा कोणता असावा हा प्रश्न शरीरशास्त्राचा आणि पदार्थविज्ञानाचा जितका, तितकाच घरखर्चाचा आणि वडीलधाऱ्यांचा मान राखण्याचाही होऊन बसतो. माझ्या समजुतीप्रमाणे या साऱ्या वादाचे मूळ एका साध्या गैरसमजात आहे. भिंतीवरील आकडा हा त्या जागच्या हवेचे तापमान सांगतो, आणि आपण तो आपल्याला वाजणाऱ्या थंडीचे माप म्हणून वाचतो.

थर्मोस्टॅटच्या पूर्वजांपैकी एकाचा जन्म शाळेत झाला. विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथे शिक्षक तयार करणाऱ्या एका विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे अध्यापक होते. हिवाळ्यात विद्यालयाचा शिपाई वर्गावर्गातून हिंडून तापमापकाकडे पाही आणि मग तळघरात उतरून झडपा कमीजास्त करी. या येरझाऱ्यांनी वर्गाचे चित्त विचलित होते हे पाहून जॉन्सन यांनी विजेच्या साहाय्याने तळघरात सूचना पोहोचविणारे एक साधन तयार केले व १८८३ साली त्याचे पेटंट मिळविले. त्याच सुमारास मिनियापोलिस येथे अल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीची झडप आपोआप उघडमीट करणारी योजना काढली, आणि तिच्यावर उभा राहिलेला धंदा पुढे हनीवेल या नावाने प्रसिद्धीस आला. ज्या वाटोळ्या, सोनेरी कडेच्या चकतीला अमेरिकेतील दोन पिढ्या ओळखतात, ती रचनाकार हेन्री ड्रेफस यांनी घडविलेली चकती याच कंपनीने १९५३ साली बाजारात आणली. तिच्या पोटात भिन्न धातूंच्या दोन पट्ट्या जोडून केलेली एक गुंडाळी असे. उष्णतेने एक धातू दुसऱ्याहून अधिक प्रसरण पावला की गुंडाळी वळे, तिच्यावरील काचनळीतला पारा एका बाजूस घरंगळे, आणि विजेचे मंडल जुळे अथवा तुटे. एवढ्या युक्तीवर कोट्यवधी घरे तापली.

या रचनेतून निघणारी एक गोष्ट मात्र त्या घरांत राहणाऱ्या कित्येकांच्या ध्यानात अद्याप आलेली नाही. नेहमीच्या पद्धतीच्या फर्नेसला, म्हणजे घर तापविणाऱ्या भट्टीला, भिंतीवरून दोनच हुकूम मिळतात, ‘पेट’ आणि ‘वीझ’. बाहेरून कुडकुडत आलेल्या मनुष्याने आकडा एकदम ८० वर नेला म्हणजे घर लवकर तापते ही समजूत निराधार आहे. ते पूर्वीच्याच वेगाने तापते, फक्त थांबावयाचे तेथे थांबत नाही, आणि तासाभराने घाम फुटल्यावर कोणीतरी खिडकी उघडून विकतची ऊब अंगणात सोडून देतो.

आता ६८ हाच आकडा सर्वांच्या तोंडी का बसला, याला थोडा राजकीय इतिहास आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलावर निर्यातबंदी घातली तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नोव्हेंबरात जनतेला उद्देशून भाषण करून प्रत्येक घरातील तापमान निदान ६ अंशांनी उतरविण्याची विनंती केली, म्हणजे देशाची दिवसाची सरासरी ६८ वर येईल असा त्यांचा हिशेब होता. ६६ ते ६८ अंशांत मनुष्य अधिक निरोगी राहतो असे आपल्या डॉक्टरांचे मत असल्याचीही पुस्ती त्यांनी जोडली. पुढे २ फेब्रुवारी १९७७ रोजी, अधिकारग्रहणानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, जिमी कार्टर हे लोकरी कार्डिगन घालून व्हाइट हाउसमध्ये अग्निकुंडाशेजारी बसले आणि दूरचित्रवाणीवरून त्यांनी दिवसा ६५ व रात्री ५५ अंशांचा आग्रह धरला. त्या कार्डिगनची थट्टा पुष्कळ झाली. परंतु राष्ट्रप्रमुखाने उपदेश करताना तो स्वतःच्या अंगावर घालून दाखवावा यात हसण्यासारखे काय होते हे मला अद्याप उमगलेले नाही. आज अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची शिफारस जागेपणी ६८ च्या आसपास आणि निजताना अथवा बाहेर जाताना त्याहून कमी अशी आहे. न्यूयॉर्क शहरात तर हा कायदाच आहे: १ ऑक्टोबर ते ३१ मे या मुदतीत, बाहेरचा पारा ५५ च्या खाली गेला की सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत घरमालकाने भाडेकरूच्या घरात निदान ६८ अंश राखले पाहिजेत आणि रात्री निदान ६२. फ्रान्समध्ये सरकारी दंडक १९ अंश सेल्सियसचा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड व समशीतोष्ण देशांतील घरांसाठी १८ अंश सेल्सियस ही सुरक्षिततेची किमान पायरी ठरवून दिली. सरकारे निरनिराळी, हेतू निरनिराळे, तरी निवाडा १८ आणि २० यांच्या दरम्यानच घोटाळतो.

मग ज्या आकड्यात सरकारांचा निभाव लागतो त्यात आजीचा का लागू नये? याचे शास्त्रीय उत्तर डेन्मार्कमधील पोव्हल ओले फँगर या संशोधकाने १९७० साली ग्रंथरूपाने मांडले. मनुष्याला वाटणारी ऊब सहा गोष्टींवर अवलंबून असते असे त्यांचे प्रतिपादन आहे: हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती-खिडक्यांचे तापमान, हवेचा वेग, तिच्यातील आर्द्रता, अंगावरील वस्त्रे आणि शरीराला पडणारे श्रम. यांतील पहिल्या एकाच गोष्टीवर थर्मोस्टॅटची हुकमत चालते. उरलेल्या पाचांची त्याला वार्ताही नसते. आणि या सहाही बाबी उत्तम जुळवून आणल्या तरी कोणत्याही समुदायात शेकडा ५ माणसे असमाधानी राहतीलच, हेही फँगर यांनी आपल्या समीकरणातच लिहून ठेवले. संयुक्त कुटुंबाचा त्यांना अनुभव असता तर हे प्रमाण त्यांनी थोडे वाढविले असते.

या सहांपैकी भिंती-खिडक्यांचा विचार सर्वांत कमी होतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या देहातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, आणि तिचा मोठा भाग हवेला न तापविता किरणरूपाने सरळ समोरच्या पृष्ठभागाकडे जातो. तो पृष्ठभाग उबदार असेल तर त्याच्याकडूनही जवळजवळ तितकीच उष्णता परत मिळते व देण्याघेण्याचा मेळ बसतो. तो थंडगार असेल तर देणे होत राहते आणि घेणे कमी पडते. गावाकडे शेकोटीपुढे बसलेल्याचे तोंड भाजते आणि पाठ गारठते ती याच न्यायाने, कारण पुढची हवा आणि मागची हवा यांत तेवढा फरक नसतो. बाहेर उणे १० अंश सेल्सियस असताना एकेरी काचेच्या जुन्या खिडकीचा आतील पृष्ठभाग गोठणबिंदूच्या आसपास असतो. साधी दुहेरी काच असली तरी तो १० अंशांच्या फारसा वर जात नाही. अशा खिडकीला पाठ लावून खुर्चीत बसलेल्या आजोबांना भिंतीवर ७२ आहेत असे कितीही दाखविले तरी त्यांची पाठ ते मान्य करणार नाही, आणि शास्त्र पाठीच्या बाजूने आहे. येथे आकडा वाढविण्यापेक्षा खुर्ची खोलीच्या आतल्या भिंतीकडे सरकविणे, सूर्यास्त होताच जाड पडदे ओढून घेणे आणि चौकटीच्या फटी बुजविणे हे उपाय अधिक गुणकारी व जवळजवळ बिनखर्ची आहेत. दिवसा मात्र दक्षिणेकडील खिडकीचे पडदे उघडे असावेत. त्या बाजूचे हिवाळी ऊन हा त्या देशात फुकट मिळणारा एकमेव इंधनपुरवठा होय.

वस्त्रांच्या बाबतीत आपल्या मंडळींची एक विशेष अडचण आहे. चपला-बूट दाराबाहेर काढून घरात अनवाणी वावरण्याचा आपला संस्कार कोकणातल्या शेणाने सारवलेल्या भुईवर किंवा नाशिकच्या शहाबादी फरशीवर सुखाचा असतो. न्यू जर्सीतील स्वयंपाकघराच्या टाइलवर, जिच्याखाली थंड तळघर असते, तोच संस्कार पायांतून सारे अंग गारठवून टाकतो. उबदार हवा वर चढते व थंड हवा जमिनीलगत साचते, थर्मोस्टॅट मात्र जमिनीपासून सुमारे ५ फुटांवर उभा राहून आपल्या उंचीवरची बातमी देत असतो. घोट्यापाशी काय चालले आहे हे त्याला कळावयास मार्ग नाही. लोकरी पायमोजे आणि घरात वापरण्याची बंद सपाता एवढ्याने जो फरक पडतो तो आकडा वाढवून सहसा पडत नाही. एका जाड स्वेटरची किंमत शास्त्रज्ञांनी अंशांत काढली आहे. तो अंगावर असेल तर खोली सुमारे २ अंश सेल्सियसने अधिक थंड असूनही मनुष्याला तितकेच सुख वाटते. पण पातळावर स्वेटर घातला तरी कमरेखाली सुती लुगड्याचा घेर वारा खेळवीत राहतो, म्हणून आतून लोकरी पायजमा घालण्याचा संकोच आपल्या बायकांनी सोडावा हे बरे. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ साली असे दाखविले, की कचेऱ्यांतील तापमानाचे प्रचलित मापदंड पुरुषांच्या देहातील उष्णतानिर्मिती गृहीत धरून बांधलेले आहेत आणि स्त्रियांची उष्णतानिर्मिती त्याहून कमी असते. तेव्हा ‘तुलाच कशी एवढी थंडी वाजते’ हा प्रश्न घरच्या बाईला विचारण्यापूर्वी पुरुषांनी थोडे थांबावे.

कोरडेपणाचा जाच हा आणखी एक, आणि आपल्याकडून जाणाऱ्यांना सर्वस्वी अनपेक्षित. शून्य अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत फार तर ५ ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम. बाहेरची हवा आत येऊन केवळ तापली, म्हणजे तिच्यातील बाष्प तितकेच राहून तिची तहान तिपटीने वाढते, आणि ती तहान ती माणसांच्या ओठांवर, टाचांवर व नाकाच्या अंतस्त्वचेवर भागविते. दाराच्या मुठीला हात लावताच ठिणगी उडते तीही याच कोरडेपणामुळे. आकडा जितका वर न्यावा तितका हा कोरडेपणा वाढतो, आणि त्वचेवरून ओल उडत राहिल्याने थंडीही अधिक भासते. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राखावी असे सर्वसाधारण धोरण आहे, परंतु कडक थंडीत ३० च्या जवळ राहणेच शहाणपणाचे, नाहीतर काचांवर पाणी ओघळून कोपऱ्यांत बुरशी धरते. जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. खोबरेल तेल वितळण्याचा बिंदू सुमारे ७६ अंश फॅरनहाइट आहे, म्हणून ६८ अंशांच्या घरात आजीची बाटली सारा हिवाळा थिजलेली असते. ती पातळ झालेली आढळली तर बिल कोणामुळे वाढले याचा तपास लागलाच.

रात्रीचा आकडा उतरवावा की नाही, याविषयी एक जुनी हट्टी समजूत अशी, की थंड झालेले घर पुन्हा तापविताना वाचलेले सारे इंधन परत जळते. वस्तुतः घरातून बाहेर जाणारी उष्णता ही आतल्या व बाहेरच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात असते. अंतर जितका वेळ कमी, तितका वेळ गळती कमी, आणि ती न झालेली गळती हीच बचत. दिवसाकाठी ८ तास ७ ते १० अंश उतरविल्यास वर्षाच्या खर्चात शेकडा १० पर्यंत बचत होते असा ऊर्जा खात्याचा अदमास आहे. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारा हीट पंप असलेल्या घरात मात्र तारतम्य हवे, कारण सकाळी एकदम मोठी चढण चढावयास लावली की तो मदतीला विजेच्या पट्ट्या पेटवितो आणि रात्रीची बचत न्याहारीपूर्वीच संपते. धडधाकट प्रौढांना झोप ६० ते ६७ अंशांत चांगली लागते, कारण निद्रेत देहाचे तापमान स्वभावतःच उतरत असते. आठवडाभर परगावी जाणे झाले तरी ५५ च्या खाली उतरू नये. भिंतीतील नळ गोठून फुटले तर गादीपासून गालिच्यापर्यंत सर्वांची भरपाई करावी लागते.

येथवरचा विचार धडधाकट माणसांचा झाला. वार्धक्यात देहाची उष्णता राखण्याची शक्ती क्षीण होते आणि थंडी वाजत असल्याची जाणीवही मंद होते. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि काही औषधे या मंदपणात भर घालतात. अमेरिकेतील वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्थेने स्पष्ट बजावले आहे की ६० ते ६५ अंशांच्या, म्हणजे तरुणांना केवळ थोड्या गार वाटणाऱ्या, घरातही वृद्धांच्या देहाचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून त्यांच्यासाठी निदान ६८ राखावेत. याच्या उलट, तान्ह्या मुलाच्या खोलीविषयी ब्रिटनमधील लल्लबाय ट्रस्ट १६ ते २० अंश सेल्सियसची मर्यादा सांगतो, कारण अतिउष्णतेचा तान्ह्या मुलांच्या आकस्मिक मृत्यूशी संबंध आढळला आहे. बाळाला दुपट्यांत घट्ट गुंडाळून शिवाय खोली तापविण्याची आपली माया तेथे आवरावी लागते. ही दोन्ही पथ्ये शेजारी ठेवून पाहावीत. आजोबांची खालची सीमा २० अंश सेल्सियस, नातवाची वरची सीमाही २० अंश सेल्सियस, आणि तेच ६८ फॅरनहाइट. तीन पिढ्यांना एकत्र राहावयाचे असेल तर दोघांनाही मानवेल असा आकडा हा एकच उरतो, आणि बाळंतपणासाठी गेलेल्या आजीने तो ७४ वर नेणे गैर ठरते ते केवळ बिलाच्या दृष्टीने नव्हे.

अलीकडे, विशेषतः २०११ साली नेस्ट बाजारात आल्यापासून, घरच्यांच्या सवयी शिकून घेणारे थर्मोस्टॅट पुष्कळ घरांत दिसतात. त्यांचे कौतुक मी नाकारीत नाही, पण ज्या घरात चौघे चार वेळा चकती फिरवितात तेथे ते यंत्र नेमके काय शिकत असेल याची मला शंका आहे. काहींना तर गुप्त आकड्याचे कुलूप घालता येते, आणि आई-वडील यावयाच्या आधी मुलांनी ते घालून ठेवल्याचे ऐकिवात आहे. ही तजवीज मला शिष्टाचाराला धरून वाटत नाही. कुलूप घालण्यापूर्वी यंत्र कोठे बसविले आहे तेवढे तरी पाहावे: त्याच्यावर ऊन येत असेल, शेजारी दिवा किंवा दूरचित्रवाणी संच असेल, अथवा स्वयंपाकघराची वाफ त्याला लागत असेल, तर घर गारठलेले असतानाही ते सारे क्षेमकुशल असल्याचा अहवाल देत राहते. सोफ्याच्या मागे दडलेले, गरम हवा सोडणारे व्हेंट आणि धुळीने तुंबलेला फर्नेसचा फिल्टर यांचीही झडती याच वेळी घ्यावी.

ज्यांचे आई-वडील या हिवाळ्यात तिकडे यावयाचे आहेत अशा मुलामुलींना एवढेच सांगणे आहे, की ते येण्यापूर्वी त्यांच्या खोलीच्या खिडकीच्या फटी बुजवा, पलंग बाहेरच्या भिंतीपासून आत ओढा, पायमोजे व सपाता आणून ठेवा, आणि ते असेपर्यंत आकडा दिवसा तसाच रात्रीही ६८ च्या खाली उतरवू नका. रात्रीची उतरण सोडून दिल्याने तेवढ्या मुदतीत इंधनाचा खर्च थोडा वाढेल; विमानाच्या तिकिटांपुढे ती रक्कम किरकोळ असते.